एकच डोस, दोन निकाल: तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात सालई गुग्गुळ किंवा तत्सम अर्क सांधेदुखीसाठी तपासणारे फार्मसीचे विद्यार्थी हमखास एक प्रश्न विचारतात: कूर्चेच्या पेशींत दाह उठवायला घातलेलं आयएल-१ बीटा (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) तेवढंच, १० नॅनोग्रॅम प्रति मिली, तरी एका खेपेत दाहाची खूण असलेलं नायट्रिक ऑक्साइड भरपूर आणि दुसऱ्या खेपेत जेमतेम, असं का?

आधी पॅसेज, म्हणजे पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात कितव्यांदा हलवल्या, ते बघा. कूर्चेच्या पेशी सपाट फ्लास्कमध्ये वाढवल्या की पसरतात, टाइप-२ कोलेजन आणि अ‍ॅग्रिकन (ही कूर्चेची खास प्रथिनं) कमी करतात आणि टाइप-१ कोलेजन बनवू लागतात. तिसऱ्या-चौथ्या पॅसेजला 'आयएल-१ ने अ‍ॅग्रिकन घटलं' असं दाखवायला मुळात अ‍ॅग्रिकनच फारसं उरलेलं नसतं. म्हणून पहिल्या पॅसेजपलीकडे जाऊ नका, किंवा पेशी १.२ टक्के अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासूनचा, जेल होणारा पदार्थ) घालून १०२ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडा. थेंबांचे मणी होतात आणि त्यांत पेशी पुन्हा गोल होतात. मात्र ग्लायकोसअमिनोग्लायकन (अ‍ॅग्रिकनवरच्या साखरेच्या साखळ्या) निळ्या रंगाने मोजताना अल्जिनेटही त्या रंगाला चिकटतं, तेव्हा पेशी नसलेल्या मण्यांचा कोरा नमुना सोबत हवाच.

दुसरं कारण बाटलीतच दडलेलं असतं. कूर्चा घडवण्याच्या मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) बहुधा १०० नॅनोमोलर डेक्सामेथासोन असतं. ते स्टिरॉइड आहे, दाह दाबणं हेच त्याचं काम. त्यात आयएल-१ घातलं तर प्रतिसाद आधीच बोथट, मग अर्काने आणखी काय कमी करायचं? आयएल-१ घालण्याआधी डेक्सामेथासोन काढून टाका. १० टक्के सीरमचंही तसंच: त्यातलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन एमएमपीसारखी कूर्चा तोडणारी विकरं अडकवतं. २४ तास बिनसीरमच्या, इन्सुलिन-ट्रान्सफेरिन-सेलेनियम घातलेल्या मीडियममध्ये पेशी ठेवून मगच सुरुवात करा.

पेशी मिळवायला खाटकाकडून भाजलेले पाये घेऊ नका, आचेने पेशी मरतात. न भाजलेला, न फोडलेला अख्खा गुडघा मागा आणि मे महिन्यातल्या उन्हात तो बर्फाच्या डब्यातूनच आणा. कूर्चा कापणं आणि कोलेजनेजमध्ये (कोलेजन तोडणाऱ्या विकरात) रात्रभर विरघळवणं यानेच पेशींमधला एनएफ-कप्पा-बी, म्हणजे दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन, जागा होतो. त्याच दिवशी आयएल-१ घातलं तर आयएल-१ न घातलेला कंट्रोलही चढलेला दिसेल. दोन-तीन दिवस विसावू द्या.

ऑक्सिजन आणि ग्लुकोजचा हिशेबही वहीत लिहा. सांध्यातल्या कूर्चेत ऑक्सिजन १ ते ७ टक्क्यांच्या आसपास, नेहमीच्या इनक्युबेटरमध्ये मात्र १८-२०. ग्लुकोज ५.५ मिलिमोलर की २५, यानेही उत्तर बदलतं.

झाडपाल्याच्या अर्कात एन्डोटॉक्सिन (बॅक्टेरियांच्या आवरणातलं विष) पुष्कळदा निघतं. पेशींवर ते ओळखणारं टीएलआर-४ असल्याने अर्क एकटाच दाह उठवतो आणि दोष अर्काच्या माथी येतो. एन्डोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी आधी करा. गडद अर्क एमटीटीचा (पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या चाचणीचा) रंग स्वतःच बदलतात, म्हणून प्लेटमधल्या एका खळग्यात पेशींविना नुसता अर्क ठेवा. आयएल-१ प्लास्टिकला चिकटतं, त्याचा साठा ०.१ टक्के बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) छोट्या कुप्यांत गोठवा आणि एकदा वितळलेली कुपी परत गोठवू नका.