फळांनी लहडलेलं रोवन आणि गाडलेला बुंधा

‘यंदा तर नुसतं लहडलंय, मग एका अंगानं वाळतंय का हो?’ मालक वर घोसांकडे बोट दाखवत होते, मी खाली खोडाकडे बघत होतो. लावून आठेक वर्षं झालेलं रोवन, म्हणजे थंड मुलखातलं लाल फळांच्या घोसांचं झाड. जोर ओसरत चाललेलं झाड पुष्कळदा असंच भरभरून फळतं, त्यामुळे लाल घोसांवरून तब्येत ठरवू नये. पानं मात्र खरं सांगत होती. एका अंगाच्या पर्णिका बारीक, आणि भर उन्हाळ्यात तांबूस. हा रंग शरदात यायचा.

आधीच्या माळ्यानं ‘फायर ब्लाइट’ (जिवाणूंमुळे होणारा करपा) म्हणून झाड तोडायला सांगितलं होतं. रोवन सफरचंदाच्याच कुळातलं, त्याला तो रोग होतो हे खरं. पण त्यात मोहोर करपतो, कोवळे शेंडे काळे पडून आकडीसारखे वाकतात, करपलेली पानं फांदीला लटकून राहतात आणि सालीखाली तांबूस-तपकिरी डाग निघतो. इथं नखानं साल खरवडली, खाली हिरवंगार. एवढं नखभर न तपासता कुऱ्हाड सुचवणारे या धंद्यात कमी नाहीत.

खोड मातीत खांबासारखं सरळ घुसलं होतं. तळाशी ते रुंदावत मुळांत मिसळताना दिसायला हवं. त्यात वाळक्या अंगाला ते सपाट. तिथंच शंका आली. कुदळ बाजूला ठेवली, कारण तिच्या एका घावात साल सोलली जाते. आधी खुरपं, मग नुसते हात. वर खोडाला टेकवून रचलेला पालापाचोळा, आतून ओला आणि कुजका. 12 सेंटिमीटरवर कलमाचा सांधा लागला, जो खरं तर उघड्यावर हवा. त्याखालून खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या रोपाचे, फुटवे वर आलेले. 18 सेंटिमीटरवर पहिली मुळं, आणि त्यांच्यावरून खोडाला वेढा घालणारी दोन, एक अंगठ्याहून जाड.

कुंडीत गोल गोल फिरलेली मुळं कुणी उलगडलीच नव्हती. खोड जाडावत गेलं, मूळही जाडावत गेलं, मधली साल चेपली. पाणी वर चढेना, अन्न खाली उतरेना. त्यात पानं मलूल दिसली म्हणून मालक रोज पाणी घालत होते! रोवनला किंचित आम्ल, निचऱ्याची माती मानवते. पाणी तुंबलं की उरलीसुरली बारीक मुळंही गुदमरतात.

खरं तर झाड लावतानाच खड्डा मुळांच्या गोळ्याच्या तिप्पट रुंद हवा, पण खोल गोळ्याइतकाच. जास्त खणून भुसभुशीत माती भरली की झाड खचतं, बुंधा गाडला जातो. गोल फिरलेली मुळं हातानं मोकळी करायची, ती ऐकत नसतील तर गोळ्याला 3-4 उभे छेद द्यायचे. आच्छादन 5 ते 7 सेंटिमीटर, खोडापासून वीतभर लांब. काठीचा आधार खोडाच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर, आणि एक-दोन वर्षांत काढून टाकायचा. रोप विकताना हे दोन मिनिटांत सांगता येतं. सांगत नाहीत, खताची पिशवी मात्र आठवणीनं गळ्यात मारतात.

या झाडाच्या त्या जाड मुळाची दोन्ही टोकं छिन्नीनं तोडली आणि खोडात रुतलेला मधला तुकडा तसाच ठेवला. ओढून काढला असता तर सालही सोबत आली असती. फुटवे बुडाशी काढले. माती कलमाच्या सांध्याखाली, मुळांच्या पातळीपर्यंत उतरवून बुंधा उघडा केला. खत अजिबात नाही. पाणी वरची माती सुकल्यावरच, पण खोलवर. वाळक्या फांद्या पानगळीनंतर काढायच्या.

दुसरं मूळ मात्र मी ठेवलं. एकाच दिवशी दोन्ही तोडली तर आधीच अशक्त बाजू उपाशी पडेल, असा हिशेब. पण तेही दाबतच आहे, आणि उन्हाळा अजून सरलेला नाही. पानगळीपर्यंत थांबणं बरोबर, असं मी मालकांना ठामपणे सांगितलं. तितकी खात्री मला त्या दिवशीही नव्हती. वसंतात वाळक्या अंगाचे डोळे फुटले नाहीत, तरी ते पहिल्या मुळामुळे की दुसरं ठेवल्यामुळे, हे खोड बघून कळणार नाही.