दिंडीतलं पाठांतर

दिवे घाटात दम लागतो तेव्हा हरिपाठ अर्धाच तोंडात येतो. उरलेला अर्धा शेजारची ओळ म्हणते. दिंडीची रीतच तशी: विणेकरी चरण उचलतो, एक बाजू म्हणते, दुसरी झेलते. म्हणून पाटी कोरी असलेला माणूसही सासवडपर्यंत दोन-चार अभंग धरतो. वर्ग नाही, परीक्षा नाही.

माझ्या ओळीतल्या मावशींना अक्षरओळख नव्हती. हरिपाठ आणि ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय मात्र मुखोद्गत. माझ्या पिशवीत पोथी. जेजुरी सोडल्यावर न ठरवता ठरून गेलं, की मी ओवी वाचायची, त्यांनी पुढची म्हणायची आणि विसाव्याला अर्थ बोलायचा. कुणाही भूताचा द्वेष ज्याला ठाऊकच नाही, त्या भक्ताच्या ओव्या आल्या, तेव्हा मावशी पाय चोळत म्हणाल्या, "काल टँकरपाशी जिच्याशी जुंपली, ती माउली आज आपल्याच पुढं चाललीय. तिच्या मागं टाळ धरायचा. आणखी काय अर्थ?" मी त्या ओव्यांवर प्रवचनं ऐकली आहेत. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

शब्द बदललेला मात्र त्यांना खपत नसे. दिंडीतल्या एका कॉलेजच्या मुलीने चालीत बसावा म्हणून एक शब्द फिरवला, तर मावशींनी तिला तिथंच थांबवलं. मला तो हट्ट वाटला खरा, पण परंपरेत त्याला आधार आहे. शके 1212 मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत नकला होता होता पाठभेद शिरले. एकनाथांनी शके 1506 मध्ये ती शुद्ध केली आणि बजावलं, की यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवणं. पाठांतराला पोपटपंची म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. उलट ओवीपेक्षा विनोदच जास्त, अशी कीर्तनं हल्ली वाटेवर ऐकू येतात. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली ती काही यासाठी नव्हे.

लोणंदच्या मुक्कामात मावशींनी त्या मुलीला माझ्यापुढे बसवलं. "हिला आता तू दे." मला स्वतःलाच जेमतेम येत होतं! पण दुसऱ्याला सांगायला बसलं की आपल्याला कुठे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. तिने विचारलं, "द्वेष नाही म्हणजे राग पण नाही का?" मला उत्तर सुचेना. मावशींना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "राग येतो गं. मुक्कामाला न्यायचा नाही." फलटणपर्यंत आमचा वाद चालूच होता.

पंढरपूरहून परतल्यावर आम्ही तिघींनी फोनवर नेम धरला. रोज सकाळी मावशी एक ओवी बोलून पाठवतात, ती मुलगी पोथीशी ताडून पाहते, अर्थ मी लिहायचा. बारावा अध्याय 247 ओव्यांचा; मधे चार-दोन खाडे झाले तरी पुढच्या आषाढीच्या आत पुरा होतो.