लांब उभा राहणारा

दुपारी चारच्या सुमाराला खालच्या पार्किंगमधून आरडाओरडा सुरू झाला. मी चहाचं आधण ठेवत होते, गॅस बारीक करून गॅलरीत गेले. भांडण नेहमीचंच. चेंडू एका स्कूटरच्या सीटवर आपटून वर उडाला होता आणि मग कुणाच्या तरी हातात गेला होता. एक टप्पा आऊट तर ठरलेलंच, पण सीट म्हणजे जमीन का? दोन्हीकडचे मोठे मुलगे एकमेकांच्या अंगावर जात होते. ज्याने कॅच घेतला तो गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीला टेकून उभा होता. चेंडू अजून त्याच्याच हातात होता. त्याला कुणी काही विचारत नव्हतं.

मला त्याचा फार पुळका आला. मिरजेच्या आजोळी सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमायचो आणि मागच्या अंगणात क्रिकेट व्हायचं. मी सगळ्यांत धाकटी, त्यातून मुलगी, म्हणजे दोन्ही टीमचं कच्चं लिंबू. बॅटिंग मिळायची, पण आऊट झाले तरी कुणी धरायचं नाही, आणि त्या अपमानापेक्षा आऊट झालेलं परवडलं. फील्डिंगला माझी जागा केळीच्या आळ्यापलीकडे, मोरीचं पाणी जिथे साचायचं तिथे. तिथून सगळं दिसायचं. दादा बोलर पुढे आला की मागे सरकतो, मामाचा मंदार चेंडू सुटायच्या आधीच डोळे मिटतो, आणि आजी खिडकीतून स्कोअर मोजत नसते, लोणच्याच्या बरणीकडे कोण जातंय ते बघत असते. पिचवर असणाऱ्यांना यातलं काही कळत नाही. ते चेंडूत गुंतलेले असतात.

तेव्हापासून ही खोड लागलीय. टीव्हीवर मॅच लागली की मला बॅट्समन नको असतो, लांब बाऊंड्रीवर उभा असलेला तो एकटा बघायचा असतो. कॅमेरा नेमकं तेच दाखवत नाही. चेंडू वर गेला की एकदम तो माणूस हजर! पण तो तिथवर कसा पोचला, आधी एक पाऊल कुठल्या बाजूला टाकलं होतं, हे राहूनच जातं. घरात यावरून मला बोलणी बसतात.

तर हॅरी राइट, असाच लांब उभा राहणारा अमेरिकेतला एक जुना बेसबॉल खेळाडू. हे नाव मला भाच्याकडे न्यू जर्सीला गेले तेव्हा कळलं. तो एका संध्याकाळी होबोकेनला घेऊन गेला आणि एका चौकात बोट दाखवून म्हणाला, मावशी, इथे पूर्वी मैदान होतं, एलिझियन फील्ड्स, निकरबॉकर क्लब इथे बेसबॉल खेळायचा. चौकात सिग्नल, गाड्या आणि एक पाटी. बेसबॉलमध्ये मला गम्य नाही, पण त्या क्लबच्या 1845 च्या नियमांत एक टप्पा आऊट होतं हे ऐकलं आणि मी रस्त्यातच थांबले. दाढीमिशावाली, नोकरीधंद्याची माणसं, आणि एक टप्पा आऊट! पुढे त्यांच्यातच वाद पेटला की हे पोरकट आहे, चेंडू वरचेवरच झेलला पाहिजे. त्या बाजूने निकरबॉकरच हिरिरीने उतरले आणि हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी 1864 च्या डिसेंबरात क्लबांच्या अधिवेशनात टप्प्याची सवलत गेली. फाऊलला, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूला, मात्र ती आणखी जवळजवळ वीस वर्षं टिकली. आमच्या पार्किंगात अजून आहे.

हॅरी या निकरबॉकरांत 1858 मध्ये आला तो क्रिकेटमधून. जन्म 1835 चा, इंग्लंडात शेफील्डला. वडील सॅम राइट क्रिकेटचे व्यावसायिक खेळाडू, न्यू यॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात नोकरीला लागले आणि तान्हा हॅरी त्यांच्याबरोबर अमेरिकेत आला. थोडा मोठा झाल्यावर जवाहिऱ्याकडे उमेदवारी केली, पण मन मैदानात. 1865 मध्ये सिनसिनाटीला गेला, तोही क्रिकेट क्लबाचा पगारी खेळाडू म्हणूनच, वर्षाला 1200 डॉलरवर. तिथे दोन वर्षांत बेसबॉलने त्याला ओढून घेतलं. 1867 मध्ये एका सामन्यात त्याने सात होमरन मारले, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून परत, असं सात वेळा. पण हा आकडा मी उगाच सांगितला, हॅरी मला आवडतो तो बॅटसाठी नाही.

तोवर बेसबॉलमध्ये पैसे घेणं म्हणजे टेबलाखालचा मामला होता. सिनसिनाटीने 1869 मध्ये उघड सांगून टाकलं की आमचे सगळेच्या सगळे खेळाडू पगारी. दहा माणसं, 15 मार्च ते 15 नोव्हेंबर, एकूण 9300 डॉलर. त्यात गावचा म्हणावा असा एकच, फर्स्ट बेसवरचा चार्ली गूल्ड. बाकी सगळे बाहेरून आणलेले. गुडघ्यापर्यंत आखूड विजारी आणि खाली लालभडक मोजे, म्हणून नाव रेड स्टॉकिंग्ज. कॅप्टन हॅरी, पगार 1200. त्याचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, पगार 1400. घरातलं काय झालं असेल मला माहीत नाही, आमच्याकडे असतं तर दिवाळीपर्यंत पुरलं असतं.

आणि हा कॅप्टन उभा कुठे राहायचा? सेंटर फील्डला. सगळ्यांत लांब, मधोमध. हातात ग्लोव्ह नाही, तेव्हा कुणाच्याच हातात नसायचा. त्या काळी खेळाडू दुखावल्याशिवाय मनाला येईल तेव्हा बदलता येत नसे, म्हणून दुसरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, लांब आउटफिल्डमध्येच उभा करून ठेवायचा. हा दुसरा पिचर हॅरी स्वतः. मुख्य पिचर एसा ब्रेनर्ड जोरात टाकणारा आणि लहरी. मैदानात ससा दिसला म्हणून याने चेंडू बॅट्समनकडे न टाकता सशावर फेकला असं सांगतात. ब्रेनर्डचं बिनसलं की हॅरी लांबून चालत यायचा, ब्रेनर्ड त्याच्या जागेवर निघून जायचा. मग पंचेचाळीस फुटांवरून, हात खालूनच फिरवायचा नियम होता तेव्हा, हॅरी असे संथ चेंडू सोडायचा की वेगाला सरावलेले बॅट्समन चेंडू यायच्या आत बॅट फिरवून मोकळे. तिकडे लांब उभं राहून कोण कसं उतावीळ होतंय ते त्याने आधीच बघून ठेवलेलं असणार. हे माझं अनुमान, पण केळीच्या आळ्यामागचा अनुभव मला आहे. एकाने चेंडू अडवायचा तर त्याच्या मागे दुसऱ्याने धावून राहायचं, ही शिस्त त्याने टीमला लावली. दारू नाही, शिवीगाळ नाही, रविवारी खेळ नाही.

त्या वर्षी 57 सामने, एकही हरले नाहीत. खंडापार जाणारी रेल्वे मे महिन्यात नुकतीच जोडली गेली होती, तर सप्टेंबरात हे सॅन फ्रान्सिस्कोला खेळायला हजर. वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँटसुद्धा भेटले.

मग 14 जून 1870, ब्रुकलिन. नऊ डाव झाले, 5–5. तिथल्या अटलांटिक्स क्लबाचे लोक बरोबरी मानून बॅटी आवरायला लागले. हॅरी म्हणाला, नियमात पुढे खेळायचं आहे, खेळा. अकराव्या डावात रेड स्टॉकिंग्जनी दोन धावा काढल्या. इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. ब्रुकलिनने एक काढली. मग त्यांचा बॉब फर्ग्युसन, चांगला उजव्या हाताने खेळणारा, डावखुरा होऊन उभा राहिला. का, तर उजव्या हाताने मारला तर चेंडू शॉर्टस्टॉपच्या जॉर्जकडे जाईल. चेंडू दुसऱ्या बाजूने निसटला आणि बरोबरी झाली. पुढचा फटका गूल्डकडे, तोच तो गावचा एकुलता एक. त्याच्या हातून निसटला, घाईत फेकला तो भलतीकडे, आणि फर्ग्युसन धावत होम बेसला, धाव पूर्ण. 8–7.

हरल्याबरोबर लोकांचा ओघ आटला. त्याच नोव्हेंबरात सिनसिनाटीच्या क्लबाने पगारी खेळाडू परवडत नाहीत म्हणून हात वर केले. हॅरी बोस्टनला गेला, टीमचं नावही बरोबर नेलं आणि 1872 पासून ओळीने चार वर्षं अजिंक्यपद घेतलं. तिथेही पहिली वर्षं सेंटर फील्डलाच, वय छत्तीस-सदतीस. 1874 मध्ये दोन टीम घेऊन इंग्लंडला गेला. बेसबॉलकडे इंग्रजांनी फारसं ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा हे लोक क्रिकेटही खेळले, इकडे अठरा, तिकडे अकरा-बारा, आणि एकही सामना हरले नाहीत. अठरा जण म्हणजे जरा जास्तच, पण कच्ची लिंबं धरून आम्हीही तेवढेच व्हायचो.

पुढे तो मॅनेजर म्हणूनच राहिला. फिलाडेल्फियाला असताना 1890 मध्ये त्याची दृष्टी गेली, कित्येक महिने काही दिसेना. नंतर परत आली. 1895 च्या ऑक्टोबरात तो गेला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्याच्या स्मारकासाठी निरनिराळ्या गावांत एकाच दिवशी सामने ठेवले गेले.

बेसबॉलचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकारालाही तेच म्हणतात, आणि तोही इंग्लंडातच जन्मलेला. एवढ्या अमेरिकन खेळाला दोन्ही बाप इंग्रज, हे काही लोकांना झेपेना. त्यांनी 1905 मध्ये समिती बसवून कूपर्सटाऊन गावचा डबलडे नावाचा तिसरा बाप शोधून काढला, ज्याने बेसबॉल काढल्याचा काडीचा पुरावा नाही. या खटपटीत पुढे होता अल्बर्ट स्पॉल्डिंग, म्हणजे बोस्टनमधला हॅरीचाच पिचर, त्यानेच पुढे आणलेला. याला काय म्हणावं! त्या गोष्टीच्या जोरावर थोर खेळाडूंची नावं लावणारं बेसबॉलचं हॉल ऑफ फेम कूपर्सटाऊनला उभं राहिलं. तिथे हॅरीचं नाव लागलं 1953 मध्ये. जॉर्जचं 1937 मध्येच लागलं होतं. मी स्वतः धाकटी, एरवी धाकट्यांची बाजू सोडत नाही, पण दोनशे डॉलर जास्त घेऊन वर सोळा वर्षं आधी, हे मला तरी पटलेलं नाही.