ढेकूण घरातल्या एकालाच चावत नाहीत

पेस्ट कंट्रोलच्या कामात आधी घरच्यांचं ऐकून घ्यायचं आणि मगच गादीला हात लावायचा, अशी माझी सवय आहे. त्या घरी ऐकण्यातच बराच वेळ गेला. ताईंच्या मानेवर आणि दंडांवर गांधी उठल्या होत्या, काही ठिकाणी चट्टे एका ओळीत. मलमं झाली, साबण बदलून झाला. शेजारी झोपणाऱ्या नवऱ्याच्या अंगावर मात्र एकही खूण नव्हती. त्यामुळे ‘हिला अ‍ॅलर्जी आहे, नाहीतर मनाचे खेळ आहेत’ असं घरात ठरूनच गेलं होतं. मला ताईंनी सगळ्यांशी वाद घालून बोलावलं होतं.

ढेकूण दोघांनाही चावत असतो. त्याच्या लाळेला कुणाचं अंग लगेच खाजतं, कुणाला काही दिवसांनी चट्टा येतो, आणि काहींच्या अंगावर काहीच उमटत नाही. उलट डास, पिसवा, खरूज यांच्या खुणाही अशाच दिसू शकतात. म्हणून नुसते चट्टे पाहून मी कधीच निकाल देत नाही. पुरावा पलंगाजवळ शोधावा लागतो.

चादर काढली आणि गादीच्या कडेची शिवण अंगठ्याने उलगडत गेलो. डोक्याकडच्या कोपऱ्यात काळे ठिपके होते, पेनाचं टोक टेकवून शाई पसरावी तसे. ओला कापूस फिरवला, तर डाग तांबूस तपकिरी फरफटला. ही ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. शिवणीत फिकट पिवळसर काती अडकल्या होत्या, लहान आणि मोठ्याही. पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं आणि दर वेळी त्याला रक्त लागतं. वेगवेगळ्या मापाच्या काती दिसल्या की समजायचं, वीण इथेच चालू आहे.

मग डोक्याकडची फळी सोडवली. स्क्रूच्या भोकांभोवती जेमतेम मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी चिकटलेली, आणि फटीत सपाट, तपकिरी, पाचेक मिलिमीटरचे मोठे ढेकूण. मी टॉर्च तसाच धरून नवऱ्याला हाक मारली. ते वाकून बघत राहिले. “म्हणजे ही म्हणत होती ते…” एवढंच बोलले.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “दादा, मी रोज घर झाडते-पुसते हो.” हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. ढेकणाला घाण लागत नाही, माणूस लागतो. आपल्या अंगाची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्याला खेचून आणतो. तो येतो सामानातून, जुन्या फर्निचरमधून. पलंगाखाली प्रवासाची बॅग होती, तीही तपासली. तिच्यात काही सापडलं नाही, म्हणून मी कुणाकडे बोट दाखवलं नाही.

त्यांनी आधी घरीच स्प्रे मारून पाहिला होता. बऱ्याच ठिकाणचे ढेकूण नेहमीच्या पायरेथ्रॉइड औषधांना आता दाद देत नाहीत, आणि वरवरचा फवारा फटीत पोहोचतही नाही. खोली बंद ठेवूनही भागत नाही, कारण मोठा ढेकूण उपाशी कित्येक महिने काढतो. त्यातून दुसऱ्या खोलीत झोपायला गेलं, तर अंथरुणाबरोबर तोही जाऊ शकतो. म्हणून ‘कुठेही हलू नका’ असं बजावलं. चादरी आणि अभ्रे पिशवीत बांधून थेट 60 अंशांच्या पाण्यात धुवायला सांगितले. शिवणींवर वाफ दिली, फटींत औषध मारलं. काही अंडी यातूनही वाचू शकतात आणि आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनंतरची फेरी तिथेच ठरवली.

मुलाच्या पलंगाचे स्क्रू नवऱ्यानेच सोडवले. तिथे एक कात निघाली. मग तीही खोली त्याच दिवशी करून घेतली.