डावा अंगठा

आदल्या संध्याकाळी मी तिला भेटायला वॉर्डात गेले. वय १४, कण्याला ७४ अंशांचा बाक, उजवा खांदा वर चढलेला. सिस्टरनं नखं कोरी हवीत म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे आजी तिच्या पायाच्या नखांवरचं नेलपॉलिश काढत बसली होती. डाव्या अंगठ्यावरचं काही केल्या निघत नव्हतं.

मी न्यूरोमॉनिटरिंगचं काम करते. मणक्याचं ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जू सुखरूप आहे ना, हे मशीनवर बघत बसायचं. तिला सांगितलं, "भूल दिल्यावर मी तुझ्या डोक्याला करंट देणार. प्रत्येक वेळी तुझे हातपाय जरा उडतील."

"मला कळेल?"

"तुला नाही कळणार. मला कळेल."

सकाळी भूल चढल्यावर डोक्याच्या कातडीत इलेक्ट्रोड बसवले, मग हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी, नडगीजवळच्या स्नायूत आणि पावलाच्या आतल्या कडेला बारीक सुया टोचल्या. झटक्यात जीभ चावली जाऊ नये म्हणून दाढांमध्ये गॉजच्या गुंडाळ्या. भूलतज्ज्ञ मॅडमनी प्रोपोफॉल आणि फेंटानिलवर भूल चालवली. नळी घातल्यानंतर स्नायू सैल करणारं औषध पुन्हा दिलं नाही, कारण ते दिलं की माझा पडदा मुका होतो. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची नोंद, सुरेख आली. दोन्ही पायांच्या लाटा उंच, स्वच्छ.

बरेच जण विचारतात, तुमचं मशीन मज्जारज्जूचं रक्त मोजतं का? नाही मोजत. महाधमनीच्या ऑपरेशनांत काही ठिकाणी पाठीवर सेन्सर चिकटवून कण्यालगतच्या स्नायूंतल्या प्राणवायूचा अंदाज घेतात. आमच्याकडे रक्त कमी पडल्याचा परिणाम दिसतो. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूनं एकच धमनी उतरते आणि पुढचा दोन तृतीयांश भाग तिच्यावर जगतो. हालचाल घडवणाऱ्या पेशी तिथेच असतात. मागच्या बाजूला दोन धमन्या, त्या स्पर्शाच्या वाटेला पुरवठा करतात. पुढच्या धमनीला वाटेत फासळ्यांच्या धमन्यांकडून भर मिळते. त्यातली सगळ्यात मोठी भर घालणारी रक्तवाहिनी बहुतेकांत डावीकडे, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यादरम्यान शिरते. १८८२च्या सुमारास आदाम्कीविच या पोलिश डॉक्टरनं तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव. वाकलेला कणा सरळ करताना असल्या वाहिन्या ताणल्या जातात. त्यातच रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून रक्ताचं प्रेशर खाली ठेवलेलं असलं, तर रज्जूची उपासमार व्हायला वेळ लागत नाही.

मणक्यांत स्क्रू बसले. साडेबाराच्या सुमारास सर्जन सरांनी कणा सरळ करणारा डावीकडचा रॉड फिरवला. बाक डोळ्यांदेखत उलगडला, सी-आर्मवर, म्हणजे ओटीतल्या एक्स-रे मशीनवर, कणा पाहून असिस्टंट "वा!" म्हणाला. मी करंट दिला. हात उडाले. डावा पाय सपाट. उजव्याची लाट अर्ध्याहून कमी.

पुन्हा दिला. तसंच.

स्पर्शाच्या लाटा (एसएसईपी), म्हणजे नसेला करंट दिल्यावर मेंदूपर्यंत पोचणारे सिग्नल, मात्र जागच्या जागी होत्या. हात शाबूत, म्हणजे भूल खोल गेलेली नाही, मशीनही बरोबर आहे. मागचा भाग बोलतोय आणि पुढचा गप्प, म्हणजे रक्त. पोटात गोळा आला, पण तोंड उघडलं. "सर, दोन्ही पायांचे मोटर सिग्नल पडले. डावा पूर्ण गेला. हात आणि एसएसईपी ठीक आहेत. थांबा."

हे 'थांबा' मला फुकट मिळालेलं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉस्पिटलात असंच झालं होतं. तिथले सुयांचे संच जुने, वारंवार वापरलेले. सिग्नल आपोआप गायब व्हायचे आणि ओरडा आम्हाला बसायचा. त्या दिवशी पाय सपाट झाले तेव्हा मी बोलण्याआधी केबल बदलल्या, सुया हलवल्या, सेटिंग तपासलं. नऊ मिनिटं गेली. तो माणूस पाय लुळे घेऊन जागा झाला. काठी धरून चालायला त्याला आठ महिने लागले. मी लगेच बोलले असते तर तो धडधाकट उठला असता का, ते कोणी सांगू शकत नाही. पण ती नऊ मिनिटं माझी होती.

या वेळी ओटीत एकदम शांतता झाली. गाणी बंद. मॅडमनी मॉनिटरकडे पाहिलं: मीन प्रेशर, म्हणजे सरासरी रक्तदाब, ६२. "वर घेते," म्हणत त्यांनी नॉरअॅड्रिनलिन सुरू केलं, ऑक्सिजन १०० टक्के केला, रक्ताचा नमुना पाठवला. हिमोग्लोबिन ७.६. रक्ताची पिशवी लटकली. सरांनी एका शब्दानंही वाद न घालता रॉडचे नट सैल केले आणि कणा परत वाकू दिला. जखमेत कोमट सलाइन ओतलं. प्रेशर ७०, ७८, ८८.

मी दर दोन मिनिटांनी करंट देत राहिले. सपाट. सपाट. उजवा थोडा सुधारला. "वेकअप करायची का?" सरांनी विचारलं. ही ल्योंच्या स्तान्यारा यांच्या गटानं १९७३ साली मांडलेली चाचणी: रुग्णाला टेबलावरच अर्धवट जागं करून पाय हलवायला सांगायचं. मशीन नव्हती तेव्हा तेवढाच आधार होता. मॅडम म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या, प्रेशर आत्ता कुठे आलंय."

खाली वाकून मी चादर बाजूला केली. पावलं थंडगार. डाव्या अंगठ्यावर नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका तसाच राहिला होता. पायाशी बसूनच मी सहकाऱ्याला म्हटलं, "दे."

तो ठिपका हलला. जेमतेम, तांदळाच्या दाण्याएवढा.

"सर, डावा आला!" माझा आवाज नको तितका चढला. पडद्यावर बारकी लाट होती. सिग्नल जाऊन १७ मिनिटं झाली होती. अर्ध्या तासानं ती बेसलाइनच्या सत्तर टक्क्यांवर आली. सरांनी पुन्हा पूर्ण सरळ करायचा हट्ट धरला नाही. टप्प्याटप्प्यानं, दर वेळी माझ्याकडे बघून, जेमतेम निम्मा बाक सोडवला आणि टाके घातले.

आयसीयूत शुद्ध आल्यावर तिनं दोन्ही पावलं हलवली. डावं जरा आळसावलेलं होतं, तेही दोन दिवसांत सुधारलं.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा वडील आणि आजी दोघंही होते. तिनं विचारलं, "ताई, किती वेळा उडाले माझे पाय?"

"पन्नासेक वेळा."

"प्रत्येक वेळी?"

मी वडिलांकडे पाहिलं. सरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली.

"मधे सतरा मिनिटं डावा उडाला नाही," मी म्हटलं.

आजीनं काही न बोलता नातीचं डावं पाऊल मांडीवर घेतलं आणि अंगठ्यावरच्या त्या ठिपक्यावरून हात फिरवत राहिली.