फोटो छाटायचं टूल: --टॅग चा गुंता बऱ्यापैकी सुटला

मागच्या अपडेटमध्ये टूल एकच टॅग घेत होतं, आता एकाहून जास्त घेतं. कमांडमध्ये लिहिलेले शब्द वाचून देणारं पायथनचं आर्गपार्सच वापरतोय, वेगळी लायब्ररी नको होती.

पहिल्यांदा सगळ्यांना सुचतं ते एनआर्ग्जला (ऑप्शननं किती शब्द घ्यायचे ते सांगणारी सेटिंग) प्लस, म्हणजे एक किंवा जास्त, देणं, कारण टाइप करायला मस्त वाटतं, "छाट --टॅग पाऊस डोंगर फोटो". पण इथंच गोची आहे, हा प्लस भलता अधाशी, समोर दिसेल ते गिळतो, म्हणजे शेवटचा "फोटो" हा फोल्डर आहे हे त्याच्या गावीही नसतं, तोही टॅग म्हणून आत जातो आणि वर एरर येते की फोल्डर दिलाच नाही! फोल्डर आधी लिहा किंवा मध्ये नुसते दोन डॅश टाका, चालतं, पण वापरणाऱ्यानं हे का लक्षात ठेवायचं? शिवाय --टॅग दोनदा दिला तर दुसरा पहिल्याला गुपचूप पुसून टाकतो.

म्हणून अ‍ॅक्शन अपेंड केली, म्हणजे ऑप्शन जितक्यांदा येईल तितक्यांदा व्हॅल्यू लिस्टमध्ये जोडली जाते. दर टॅगला ऑप्शन पुन्हा लिहायचा, "--टॅग पाऊस --टॅग डोंगर फोटो". टायपिंग वाढतं, पण कुठला शब्द कुणाचा यात शंका राहत नाही. (पायथन ३.८ पासून एक्स्टेंड पण आहे, प्लससोबत लावला की पुसापुशी थांबते, अधाशीपणा मात्र तसाच.)

अपेंडमध्ये डिफॉल्ट जपून हां. डिफॉल्टला लिस्ट दिली की युजरची व्हॅल्यू तिच्या जागी येत नाही, तिच्या मागे चिकटते. "सगळे" डिफॉल्ट ठेवून --टॅग पाऊस दिलं तर हातात "सगळे" आणि "पाऊस" दोन्ही येतात. त्यापेक्षा डिफॉल्ट देऊच नका, काही आलं नाही तर नन (पायथनचं "काहीच नाही") मिळतं, ते तपासून पुढं आपणच लिस्ट भरायची.

कॉमावाला प्रकार, म्हणजे "--टॅग पाऊस,डोंगर" असं एकत्र देऊन आपणच तोडायचं, टॅगपुरता बरा आहे, पण तेच --वगळ ला (नको त्या फाइली सोडायचा ऑप्शन) लावलं आणि फाइलच्या नावातच कॉमा निघाला की बोंबला.

आता --वगळ वर काम चालू आहे. तिथं अजून एक भानगड, "--वगळ *.जेपीजी" कोट न करता दिलं तर स्टार शेलच (कमांड चालवणारा प्रोग्राम) उलगडतो, म्हणजे त्याच्या जागी जुळणाऱ्या सगळ्या फाइलींची नावं टाकतो, पहिली फाइल ऑप्शनला जाते आणि बाकीच्या फोल्डरच्या रांगेत. कोडमधून हे रोखता येत नाही, म्हणून हेल्पमधल्या उदाहरणातच कोट घालून ठेवलेत.