जानेवारीत मुंबईहून स्पिती: गाडी कुठली न्यायची आणि निघायच्या आधी काय काय करायचं

हिवाळ्यात स्पिती, म्हणजे हिमाचलमधलं ते उंचावरचं खोरं, म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) आहे का. आमची नव्हती. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, साधी कॉम्पॅक्ट एसयूव्ही, आणि ती स्पितीतल्या काझा गावाला जाऊन व्यवस्थित परत आली. फोर बाय फोर चढावर नक्की कामाला येते पण बर्फावर थांबायला तिचा काडीचा उपयोग नाही, तिथे फक्त टायर आणि तुमचा स्पीड. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग, मात्र असूद्याच, कारण काझा साधारण ३,७०० मीटरवर आहे आणि विरळ हवेत बिनटर्बोच्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद तरी जातेच.

खरी मेख आहे ती गाडी रोज सकाळी स्टार्ट होण्यात. जानेवारीत काझाला रात्री उणे वीसच्या खाली जातं, आणि मुंबईत वाढलेल्या गाडीत एकही गोष्ट त्या हिशोबाने भरलेली नसते. त्यामुळे सगळं काम मुंबईतच उरकून निघा, वर गेल्यावर काही मिळेल या भरवशावर राहू नका.

सगळ्यात आधी कूलंट. आपल्याकडे बरेच गॅरेजवाले रेडिएटरला सरळ पाणी मारतात, आमच्या भाईंनीही "साहब, टॉपअप मार देता हूँ, पानी चलता है" म्हणून पाण्याचा कॅन उचललाच होता. मुंबईत चालतं पण तिकडे ते पाणी गोठून फुगतं आणि रेडिएटर नाहीतर थेट इंजिन ब्लॉक फुटू शकतो. जुनं सगळं काढून ग्लायकॉलवालं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरून घ्या, ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत टिकतं, आणि हे काम समोर उभं राहूनच करून घ्या प्लीज. मग इंजिन ऑइल. डब्यावर डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघायचा, २० डब्ल्यू किंवा १५ डब्ल्यू तिथे इतकं घट्ट होतं की स्टार्टरला इंजिन फिरवणं जड जातं, ५ डब्ल्यू किंवा ० डब्ल्यू हवं, मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलेलं असेल तर. बॅटरी तीन वर्षांची झाली असेल तर विचार न करता बदला, त्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते आणि अर्धवट चार्ज बॅटरी तर आतून गोठूही शकते. वायपरच्या टाकीतलं पाणीही काढून टाका, थंडीत न गोठणारं वॉशर फ्लुइड भरा. दाराच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस किंवा ग्लिसरीन लावा, नाहीतर सकाळी दार चिकटतं आणि जोर लावला की रबर फाटतं.

डिझेलवाल्यांनी जरा जास्त विचार करावा. थंडीत डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोक होतो. आमच्या होमस्टेच्या अंगणात एक डिझेल गाडी अशीच अडकली होती, त्यांनी घमेल्यात निखारे आणून इंजिनखाली ठेवले तेव्हा कुठे दुपारी ती उठली. हे बघायला भारी वाटतं पण हल्लीच्या गाड्यांखाली प्लास्टिकचे पाइप आणि वायरिंग असतं, करू नका. अँटीजेल, म्हणजे डिझेल घट्ट होऊ न देणारं औषध, टाकायचं तर डिझेल मोकळं असतानाच टाका, एकदा घट्ट झालं की त्याचा उपयोग नाही. बीएस६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या, गाडीत डिझेलमध्ये रॉकेल मिसळणं अजिबात नको, कोणी कितीही सांगितलं तरी.

आता रस्ता. कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद, त्यामुळे मनालीकडून विषयच नाही, शिमला-रामपूर-रेकाँग पिओ-नाको-ताबो असंच जायचं. कुफ्री-नारकंडात बर्फ पडला असेल तर सुन्नी-लुहरीचा सतलजच्या काठचा रस्ता धरा. पिओच्या खाली पोवारीला टाकी फुल करा, त्यानंतर पंप थेट काझाला. नाकोजवळचा मलिंग नाला आणि जिथे जिथे रस्त्यावरून पाणी वाहतं तिथे ब्लॅक आइस, म्हणजे रस्ता नुसता ओला दिसतो आणि असतो काच. सकाळी दहाच्या आधी आणि चारनंतर गाडी चालवू नका. सेकंड गिअर, ब्रेकला जपून पाय, क्लच झटकन सोडायचा नाही.

स्नो चेन, म्हणजे बर्फात पकड मिळायला टायरवर चढवायच्या साखळ्या, टायरच्या साइडवर छापलेल्या साइझप्रमाणेच घ्या आणि फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढच्याच चाकांना लावा. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा हे मी कळकळीने सांगतोय. मलिंगला वारा असा झोंबतो की लोकरी ग्लव्हज घालून हुक सापडत नाही आणि काढले तर लोखंड बोटाला चिकटतं, रबरी कोटिंगवाले ग्लव्हज लागतात. चेन टाकायची, गाडी दोन-तीन फूट पुढे घ्यायची, उतरून परत आवळायची, मग निघायचं. डांबर लागलं की लगेच काढा, आणि चेनवर तीसच्या वर जाऊ नका.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठून जाम होतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आपोआप लागणं कसं बंद करायचं ते घरीच बघून ठेवा. वायपर उभे करा, गाडीचं तोंड पूर्वेकडे ठेवा म्हणजे सकाळचं ऊन बॉनेटवर येतं. काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका, तडा जातो. आणि गाडी चालू ठेवून हीटर लावून आत झोपणं तर अजिबातच नको, सायलेन्सर बर्फात बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो आणि झोपेतच जीव जातो.

पिओला पोचलात की पुढे निघायच्या आधी पोलिसांना आणि काझाहून उतरलेल्या ड्रायव्हरांना रस्ता विचारा. नको म्हणाले तर वर कल्पाला मुक्काम करा, म्हणून सुट्टी टाकतानाच दोन-तीन दिवस जास्तीचे धरून ठेवा.